हवेवर जगणाऱ्या वनस्पतींची परीक्षा

पानफुटीचें पान दोऱ्यानें बांधून भिंतीवरील खिळ्याला टांगून ठेवण्याचा खेळ आपल्याकडील पुष्कळ घरांतून मुलें खेळत आलीं आहेत. माती नाहीं, पाणी नाहीं, कुंडी नाहीं; तरी कांहीं दिवसांनीं त्या पानाच्या कडेच्या खांचांतून इवलीं इवलीं रोपें डोकावूं लागतात आणि घरांतील वडील माणसें ‘हें झाड वाऱ्यावर जगतें’ असें सांगून मोकळीं होतात. इंग्रज लोकही पानफुटीला हवेचें झाड असेंच म्हणत आले. वास्तविक तें पान वाऱ्यावर जगत नसतें. तें आपल्या पोटांत सांठविलेली शिदोरी खात असतें, आणि ती संपली कीं खेळही संपतो. परंतु पृथ्वीच्या पाठीवर अशा कांहीं वनस्पति खरोखरच आहेत कीं, ज्यांना मुळें नाहींत असें म्हटलें तरी चालेल, ज्या कोरड्या वाळूवर नुसत्या पडून असतात, आणि ज्या किनाऱ्यावर वर्षाकाठीं सरासरीनें एक मिलिमीटरही पाऊस पडत नाहीं, त्याच्या डोंगरमाथ्यावर पिढ्यानपिढ्या टिकून राहिल्या आहेत. त्या काय खातात, काय पितात आणि किती सोसतात, याची परीक्षा विद्वानांनीं सुमारें अडीचशें वर्षें चालविली. या परीक्षेंतील मौज अशी कीं, वनस्पतींपेक्षां परीक्षकच अधिक वेळां नापास झाले.

या वनस्पति अननसाच्या कुलांतील आहेत. अननस आपल्याकडे पोर्तुगीज लोकांनीं आणला. त्याचें तें काटेरी पानांचें झुपकेदार रूप सर्वांच्या ओळखीचें आहे. त्याच कुलांत टिलॅन्डसिया नांवाचा एक मोठा गण असून त्यांतील शेंकडों जाति अमेरिका खंडांत पसरलेल्या आहेत. बहुतेक जाति झाडांच्या फांद्यांवर, कांहीं खडकांवर, आणि थोड्या उघड्या वाळूवर राहतात. फांदीवर राहणारी वनस्पति म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें आंब्यावरचें बांडगूळ उभें राहतें. पण बांडगूळ हा चोर आहे. तो यजमानाच्या सालींत शिरून त्याचा रस पितो. टिलॅन्डसिया हा नुसता बिऱ्हाडकरू. त्याचीं मुळें असलींच तर तीं फांदीला घट्ट धरून ठेवण्यापुरतीं. त्यांतून अन्नपाणी जवळ जवळ मुळींच येत नाहीं. हा भेद पूर्वीं फारसा कोणाच्या लक्षांत आला नव्हता. उत्तर अमेरिकेच्या दक्षिण भागांत ओकच्या झाडांवरून लांबच लांब, करड्या रंगाच्या जटा लोंबत असतात. त्यांना स्पॅनिश मॉस म्हणतात. पण त्या शेवाळाच्या नव्हेत, टिलॅन्डसियाच्याच एका जातीच्या. त्या जटा झाडाचें रक्त पितात असें तेथील शेतकऱ्यांस वाटे. पुढें तारायंत्राच्या तारा रस्तोरस्तीं झाल्या, तेव्हां त्यांच्यावरही याच गणाच्या एका लहान जातीचे गोळे वाढूं लागलेले लोकांस दिसले. तांब्याच्या किंवा लोखंडाच्या तारेंत रस कोठून असणार? प्रयोगशाळेंत मांडतां आला नसता इतका चोख प्रयोग त्या तारांवर आपोआप मांडला गेला होता.

या गणाचें नामकरण स्वीडनचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयस यानें केलें. 1753 सालच्या त्याच्या प्रसिद्ध ग्रंथांत तें नांव आहे. त्या नांवामागची कथा मोठी गमतीची आहे. फिनलंडांतील ऑबो, म्हणजे हल्लींचें तुर्कू, येथें सतराव्या शतकांत एलियास टिलॅन्डस् नांवाचा वैद्यकाचा अध्यापक होता. त्यानें आपल्या गांवाभोंवतालच्या वनस्पतींची यादी 1673 सालीं छापली. विद्यार्थीदशेंत तो एकदां गलबतांतून समुद्र ओलांडून स्वीडनला गेला, आणि वाटेंत त्याला समुद्र असा कांहीं लागला कीं, परत येतांना त्यानें गलबताचें नांव काढलें नाहीं. आखाताला उत्तरेकडून मोठा वळसा घालून, शेंकडों कोस जमिनीवरून चालत तो घरीं परतला, आणि ‘जमिनीच्या वाटेनें’ या अर्थाचें नांव त्यानें स्वतःला घेतलें. लिनीयसला वाटलें कीं, ही करडी, कोरडी वनस्पति पाण्याला अशीच भीत असली पाहिजे. म्हणून त्यानें तिला त्या समुद्रभीरु अध्यापकाचें नांव दिलें. त्यानें तिला तिच्या रानांत कधीं पाहिलें नव्हतें. तो वाळलेल्या नमुन्यांवरून आणि प्रवाशांच्या वर्णनांवरून लिहीत होता. पहिल्याच परीक्षकाचा निकाल असा उलटा लागला. या वनस्पति पाण्याला भीत नाहींत. त्या पाण्याखेरीज दुसऱ्या कशाचीही वाट पाहत नाहींत. आणि ज्या जाति सर्वांत कणखर म्हणून नांवाजल्या, त्यांचें पाणी तर समुद्राकडूनच येतें.

हें पाणी त्या पितात कशा, याचा उलगडा व्हावयास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. आंद्रेआस शिंपर हा तरुण जर्मन शास्त्रज्ञ वेस्ट इंडीज बेटांत आणि व्हेनेझुएलांत हिंडला. त्याचा अमेरिकेंतील झाडांवर राहणाऱ्या वनस्पतींवरील ग्रंथ 1888 सालीं प्रसिद्ध झाला. टिलॅन्डसियाच्या पानांवर जी करडी, रुपेरी लव दिसते ती शोभेची नसून तेंच त्या झाडाचें तोंड आहे, हें त्यानें दाखविलें. भिंगांतून पाहिलें तर ही लव म्हणजे माशाच्या खवल्यासारख्या, पण वाटोळ्या, सूक्ष्म चकत्या असतात. पुढें 1904 सालीं कार्ल मेझ यानें या चकत्यांची कारागिरी तपशिलानें उलगडली. चकतीच्या कडेच्या पेशी मेलेल्या व पोकळ असतात. पाण्याचा थेंब पडतांच त्या फुगतात, चकती वर उचलली जाते, तिच्याखालीं पाणी शिरतें आणि मधल्या देंठांतील जिवंत पेशींच्या वाटेनें पानांत ओढलें जातें. पाणी सरलें कीं कडा पुन्हां चिकटून बसतात आणि चकती झांकणासारखी पानावर बसते, म्हणजे आंत गेलेलें पाणी सहजासहजीं बाहेर पडत नाहीं. आंत येण्याची वाट सताड उघडी आणि बाहेर जाण्याची जवळ जवळ बंद, असा हा दरवाजा आहे. घरांत हें रोप कोणी ठेवलें असेल तर त्यानें त्यावर नुसता पाण्याचा शिंपका मारून पाहावा. करडें पान पाहतां पाहतां हिरवें होतें. कारण ओल्या चकत्या पारदर्शक होतात आणि खालचा हिरवा रंग दिसूं लागतो.

मात्र येथेंही एक जुना समज सोडावा लागला. ही वनस्पति हवेंतील अदृश्य वाफ शोषून घेते असें पुष्कळ दिवस मानीत. रोप दमट हवेंत ठेवलें तर तें वजनानें वाढतें हें खरें; पण ती वाढ बहुतेक मेलेल्या चकत्यांत शिरलेल्या ओलाव्याची असते, आणि हवा कोरडी झाली कीं ती जशी आली तशी जाते. जिवंत पेशींपर्यंत पोंचावयास पाणी थेंबरूपानेंच यावें लागतें, मग तें पावसाचें असो, दंवाचें असो कीं धुक्याचें. म्हणजे ‘हवेवर जगणारी’ हें विशेषण शब्दशः खरें नव्हे.

पाणी मिळविणें हा झाला अर्धा प्रश्न; तें राखणें हा दुसरा. प्रत्येक हिरव्या झाडाला पानांवरील सूक्ष्म छिद्रें उघडून हवेंतील कर्बवायु आंत घ्यावा लागतो, आणि छिद्रें उघडलीं कीं पाणी उडून जातें. वाळवंटांत हा सौदा फार महागांत पडतो. त्यावरील तोडग्याचा पहिला सुगावा लागला तो हिंदुस्थानांत, आणि तोही आरंभीं सांगितलेल्या पानफुटींतच. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत बेंजामिन हाइन नांवाचा एक जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिणेंत होता; बंगळूरच्या बागेशीं त्याचा संबंध होता. त्यानें पानफुटीचें पान चाखून पाहिलें. सकाळीं तें चांगलेंच आंबट लागलें, दुपारीं बेचव, आणि संध्याकाळीं किंचित् कडवट. पुन्हां दुसऱ्या सकाळीं आंबट! हें त्यानें 1813 सालीं लंडनच्या लिनीयन सोसायटीला पत्रानें कळविलें व 1815 सालीं तें छापलें गेलें. ना भिंग, ना तराजू. एक जीभ आणि वेळेवर चाखण्याचा नियम एवढ्या भांडवलावर केलेला हा प्रयोग शास्त्राच्या इतिहासांत मानाचा गणला जातो. त्याचा अर्थ मात्र दीडशें वर्षांच्या अवधींत हळूहळू लागला. पानफुटी आपलीं छिद्रें रात्रीं, थंडाव्यांत उघडते, कर्बवायु आंत घेऊन त्याचें आम्ल बनवून ठेवते, आणि दिवसा दारें लावून घेऊन त्याच आम्लांतून सूर्यप्रकाशाच्या साह्यानें साखर तयार करते. या पद्धतीला शास्त्रज्ञांनीं पानफुटीच्याच कुलाचें नांव दिलें आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत टिलॅन्डसियाच्या अनेक जातींची तपासणी झाली तेव्हां तींतही हेंच रात्रपाळीचें काम चाललेलें आढळलें. गच्चींतील पानफुटी आणि त्या दूर किनाऱ्यावरील वाळूंत पडलेलें करडें रोप यांचें नातें असें आंबटपणाचें आहे.

आतां त्या किनाऱ्याकडे वळावें. पेरूच्या उत्तर भागापासून चिलीच्या मध्यापर्यंत पॅसिफिक महासागराच्या कांठानें एक लांबच लांब वाळवंट पसरलेलें आहे. समुद्रकांठीं वाळवंट ही कल्पनाच आपल्याला चमत्कारिक वाटते; आपल्या कोंकणांत समुद्रकांठ म्हणजे शंभर इंचांहून अधिक पाऊस, नारळी, पोफळी आणि चार महिने गळणारीं कौलें. तिकडे दक्षिण ध्रुवाकडून येणारा थंड पाण्याचा प्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो. अलेक्झांडर फॉन हंबोल्ट हा 1802 सालीं लिमा येथें होता. त्यानें या पाण्याचें उष्णमान मोजून तें किती थंड आहे हें नोंदलें, आणि पुढें त्या प्रवाहाला त्याचेंच नांव पडलें. थंड समुद्रावरची हवा थंड व जड, तिच्यावर ऊन हवेचा थर दडपून बसलेला, आणि पूर्वेकडून येणारी वाफ अँडीज पर्वतानें अडविलेली. यामुळें ढग बनतात, पण ते उंच चढूं शकत नाहींत आणि बरसत नाहींत. ते दाट धुक्याच्या रूपानें किनाऱ्यावरील डोंगरांना येऊन टेकतात. पेरूंत या धुक्याला गारुआ म्हणतात, चिलींत कामान्चाका.

1835 च्या जुलैंत चार्ल्स डार्विन इकीके बंदरांत उतरला. तें गांव तेव्हां पेरूंत होतें. पुढें चिलीनें 1879 सालीं सुरू झालेल्या युद्धांत तो मुलूख घेतला. तेथें पिण्याचें पाणी चाळीस मैलांवरच्या पिसाग्वा येथून होड्यांतून येई आणि विकत मिळे. डार्विननें दारूच्या बाटलीभर पाण्याला तीन पेनी मोजले. खेचरावरून सोऱ्याच्या कारखान्यांकडे जातांना किनाऱ्याच्या डोंगरांत, सुमारें दोन हजार फुटांवर जेथें ढग टेंकून राहत, तेथें त्याला खडकांच्या फटींत थोडीं निवडुंगें आणि मोकळ्या वाळूवर सुटें पडलेलें एक फिकट पिवळें दगडफूल दिसलें. त्याखेरीज तेथें उल्लेख करण्याजोगी हिरवळ त्याला आढळली नाहीं. डार्विनसारख्या माणसाची नजर सुटली असें म्हणणें धाडसाचें होईल. तो ज्या वाटेनें गेला त्या वाटेवर टिलॅन्डसियाचीं रानें नसतील एवढेंच. पण ढग जेथें टेकतो तेथेंच कांहींतरी जिवंत आहे, ही गोष्ट त्यानें बरोबर हेरली होती.

त्या प्रदेशाची पद्धतशीर पाहणी रोडोल्फो फिलिप्पी यानें केली. हा जर्मन पंडित चिलींत स्थायिक होऊन सांतियागोच्या संग्रहालयाचा प्रमुख झाला आणि सरकारच्या आज्ञेनें 1853-54 सालीं आटाकामाच्या वाळवंटांतून त्यानें प्रवास केला. उत्तर चिलीच्या वाळूवर पसरणाऱ्या टिलॅन्डसियाच्या मुख्य जातीला शास्त्रीय नांव त्यानेंच दिलें. तें लांडबेक या पक्षितज्ज्ञाच्या नांवावरून आहे. ही लांडबेकी जात पाहणाऱ्याला प्रथम वाळलेल्या गवताचा विस्कटलेला गुंडाळाच वाटावा. तिला जमिनींत रोंवलेलें मूळ नाहीं. समुद्रसपाटीपासून अदमासें नऊशें ते बाराशें मीटर उंचीच्या उतारांवर, समुद्राकडे तोंड करून, हिचे लांब लांब पट्टे आडवे पसरलेले असतात. विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांत ते जणूं नांगरलेल्या शेताच्या सऱ्यांसारखे दिसतात. नांगर कोणी फिरविलेला नसतो. समुद्राकडून येणाऱ्या धुक्यांतील थेंब पुढची रांग झेलते. तिच्या पाठीमागें धुकें विरळ होतें म्हणून तेथें कांहीं उगवत नाहीं. पुढें धुकें पुन्हां दाटतें तेथें दुसरी रांग. वाऱ्याबरोबर आलेली वाळू रोपांत अडकते, रोप तिच्यावर डोकें काढून वाढत राहतें, खालचा भाग मरून तसाच गाडला जातो, आणि शतकानुशतकें हा क्रम चालून उतारावर लहान लहान टेकाडें बनतात. त्या टेकाडांत खोल चर खणून शास्त्रज्ञांनीं गाडलेल्या थरांचें वय किरणोत्सर्गी कर्बाच्या साह्यानें काढलें. 2011 सालीं प्रसिद्ध झालेल्या या संशोधनांत सर्वांत जुने थर सुमारें तीन हजार दोनशें वर्षांपूर्वींचे ठरले.

समुद्राजवळ राहावयाचें म्हणजे मीठ आलेंच. खाऱ्या पाण्यांत उभें असलेलें झाड तहानेनें मरूं शकतें हें तत्त्व मांडण्याचें श्रेयही शिंपरकडेच जातें. तो नंतर सिंहलद्वीप व जावा येथें गेला, खाडीकांठच्या कांदळवनांचा अभ्यास केला, आणि 1898 च्या आपल्या ग्रंथांत त्यानें सांगितलें कीं, खारी दलदल डोळ्यांना ओली दिसली तरी झाडाच्या दृष्टीनें ती कोरडीच आहे. कारण मीठ पाणी सोडावयास तयार नसतें. वाळवंटांतील निवडुंग, फांदीवरील टिलॅन्डसिया आणि खाडींतील कांदळ हीं तीन झाडें एकाच तहानेचीं भावंडें आहेत, ही दृष्टि त्यानें दिली. दुर्दैवानें तो फार जगला नाहीं. एका समुद्रसफरींत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जडलेल्या हिंवतापानें 1901 सालीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, त्याचा अंत झाला.

मिठाच्या बाबतींत टिलॅन्डसियाच्या सर्व जाति सारख्या नाहींत. फ्लॉरिडाच्या टोकाला कांदळांच्या फांद्यांवर कांहीं जाति सुखानें राहतात. तेथें खारा वारा रोजचाच, पण पाऊस येऊन पानें धुऊन जातो. चक्रीवादळ आलें कीं मात्र त्यांची खरी कसोटी. 1992 सालच्या अँड्र्यू वादळांत फांद्यांबरोबर असंख्य रोपें उडून गेलीं. आटाकामाच्या किनाऱ्यावर वादळ नाहीं, पण धुऊन काढणारा पाऊसही नाहीं. तेथें धुक्याबरोबर येणारे क्षार हेंच तिचें खत आणि तेंच तिचें संकट. लाटांचे तुषार जेथें उडतात त्या कांठापासून ही वनस्पति दूर, उंचावर राहते ती उगीच नव्हे. समुद्राचा उपकार तिला हवा, पण अंतर राखून.

तिच्या कणखरपणाची मर्यादा येथेंच दिसूं लागते. नऊशें मीटरांच्या खालीं धुकें पुरेसें दाट नाहीं. बाराशेंच्या फार वर गेलें तर ऊन हवेचा थर सुरू होतो, आकाश निरभ्र, आणि पाण्याचा थेंब नाहीं. खालीं मरण, वर मरण, मध्यें सुमारें तीनशें मीटरांचा पट्टा. बरें, पाणी अधिक मिळालें तर ती सुखी होईल म्हणावें, तर तसेंही नाहीं. पानांवर पाणी साचून राहिलें कीं ओल्या चकत्यांमुळें हवेची ये-जा अडते. सतत ओली राहिलेली टिलॅन्डसिया गुदमरते आणि कुजते. तीन हजार वर्षें अवर्षणाला पुरून उरलेली ही वनस्पति कोंकणच्या एका श्रावणांत बहुधा संपेल. ‘कणखर’ हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों.

धुकें झेलण्याची ही युक्ति माणसानेंही करून पाहिली. चिलींतील आन्तोफागास्ता येथें कार्लोस एस्पिनोसा या शास्त्रज्ञानें 1950 नंतरच्या दशकांत धुक्यांतून पाणी गाळण्याचे प्रयोग आरंभिले. पुढें दक्षिणेकडे, एल टोफो येथील बंद पडलेल्या लोखंडाच्या खाणीच्या डोंगरावर मोठमोठीं जाळीं उभारण्यांत आलीं, आणि 1992 सालापासून खालच्या चुन्गुन्गो या कोळ्यांच्या वस्तीला त्यांचें पाणी नळानें मिळूं लागलें. दिवसाला सरासरी पंधरा हजार लिटर पाणी नुसत्या धुक्यांतून! वस्तीभोंवतीं बागा झाल्या. पण वाऱ्यानें जाळीं फाटत, त्यांची डागडुजी कोणी करावयाची हें नीटसें ठरलेलें नव्हतें. आणि दहाएक वर्षांत ती योजना बंद पडून पाण्याच्या मोटारी पुन्हां गांवांत येऊं लागल्या. लांडबेकी रोपाचें जाळें फाटलें तर तें स्वतःच नवें पान काढतें, ही सोय माणसाच्या जाळ्याला नाहीं.

परंतु त्या रोपाचेंही सर्व कांहीं ठीक चाललेलें नाहीं. आरिका आणि इकीके यांच्या भोंवतालच्या डोंगरांवर गेल्या कांहीं दशकांत टिलॅन्डसियाचीं विस्तीर्ण शेतें मरून पडलेलीं आढळलीं. जुन्या हवामाननोंदी ताडून पाहणाऱ्या शास्त्रज्ञांनीं 2011 सालीं दाखविलें कीं, उत्तर चिलीच्या किनाऱ्यावरील ढगांचें आच्छादन आणि मुळांतच नगण्य असलेला पाऊस हीं दोन्ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत घटलीं, आणि वनस्पतींची पीछेहाट त्याच्याशीं जुळते. ज्या रोपाचें सारें आयुष्य त्या तीनशें मीटरांत बांधलेलें, त्याला ढगाबरोबर सरकतां येत नाहीं. मूळ नसल्यामुळें तें मोकळें आहे असें वाटतें. खरें पाहतां जमिनींत रोंवलेल्या कोणत्याही झाडाइतकेंच तें एका जागीं, एका ढगाला बांधलेलें आहे.

मेलेलीं शेतें लगेच नाहींशीं होत नाहींत, कारण कुजावयास लागणारा ओलावाही तेथें नाहीं. पट्टे तसेच, सऱ्या तशाच, वाळूचीं टेकाडें तशींच. जिवंत रान कोठें संपलें आणि मेलेलें कोठें सुरू झालें तें दुरून कळत नाहीं. जवळ जाऊन, तोच जुना शिंपका मारून पाहावा लागतो. जें जिवंत असतें तें हिरवें होतें.